आतली ओढ

डोणगावात माझं कोंबडीचं दुकान आहे. मागच्या वर्षी एका सकाळी पन्नाशीच्या एक बाई आल्या आणि त्यांनी नुसते पाय मागितले.

"सूप कराले का, मॅडम?"

"नाही, भाचीला दाखवायला."

एक पाय उचलून त्यांनी कापलेल्या टोकातली पांढरी दोरी चिमटीत धरली आणि पंजा माझ्या डाव्या हाताच्या बोटाशी आणून ती ओढली. मेलेला पंजा सावकाश मिटला. त्याने माझं बोट धरलं.

"ही कंडरा. स्नायूला हाडाशी बांधते. आयुष्यभर हिच्यावरच संशोधन केलं मी."

मग त्यांना माझं बोट ताठच दिसलं. मी सांगितलं, "सुरा लागला होता. नऊ साल झाले, वाकतच नाही."

"पोटातल्या पिल्लाची कंडरा तुटली, तर ती पहिल्यासारखी जुळते. जन्मल्यावर शरीर ते विसरतं. कसं विसरतं, हे शोधण्यात माझी सव्वीस वर्षं गेली."

"सापडलं काय?"

"थोडंसं."

त्यांनी माझ्या कोपराखाली अंगठा रुतवला. "वाकवा बोट." मी जोर लावला, पण बोट हललं नाही. अंगठा तसाच ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "हा स्नायू अजून ओढतोय. दोरी तुटल्याचं याला कुणी सांगितलंच नाही."

त्या गेल्या, परत कधी दिसल्या नाहीत.

दुपारी मला हात धरून बसलेलं पाहून बायको म्हणाली, "काऊन, दुखून राह्यलं का?" मी तिची बोटं कोपराखाली ठेवली आणि माझं बोट वाकवायला गेलो. कातडीखाली काहीतरी सरकलं. तिने चटकन हात काढून घेतला.

तेव्हापासून ती माझ्या डाव्या बाजूला झोपत नाही.