चारपैकी दोन दिवे

ध्वनिमुद्रणाच्या कचेरीत तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. रेकॉर्डरच्या बॅटऱ्या सांभाळणं हे तिचं सतरा वर्षांचं काम.

शनिवारी संध्याकाळी साहेबांनी दोन बॅटऱ्या पार रिकाम्या करून तिच्या टेबलावर टाकल्या. पुढे तीन दिवस सुट्टी. लिथियमची बॅटरी रिकामी ठेवली तर मरते, पूर्ण भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते. ठेवायची ती अर्धी भरून. शिवाय चार्जर लावून निघून जायचं नाही, हा तिचाच नियम. पण माहेरी आलेली लेक सकाळी परत जाणार होती. शेवटी तिने बॅटऱ्या आणि चार्जर पिशवीत घातले आणि घर गाठलं.

“आणलंस ना काम घरी?” लेक म्हणाली. “मी दोन दिवसांची पाहुणी, आणि तू या बॅटऱ्यांच्या उशाशी बसणार.”

“अर्धा तास गं फक्त.” चार्जर फरशीवर मांडून ती समोर बसली. पाठ भरून आली होती.

लेकीने स्टूल ओढलं. “चारपैकी दोन दिवे लागले की काढायच्या. लहानपणापासून तेच ऐकतेय. मी बघते, तू पाठ टेक.”

ती आडवी झाली. लेकीशी बोलायचं बरंच होतं. पहिला दिवा लागायच्या आत तिचा डोळा लागला.