नवसाच्या बोकडाचा मुक्काम

अंबडच्या तहसील कचेरीसमोर लिंबाच्या पारावर बसून लोकांच्या दरख्वास्ती लिहिणे हा माझा व्यवसाय. शिक्षण उर्दू मदरशात चार इयत्तांचे. तथापि माझ्या हातचा कागद कचेरीतून परत आला, असे या तालुक्यात कोणी सांगणार नाही. अशा मनुष्याने एक अख्खी रात्र बोकडाशेजारी बैलगाडीत कोंडून काढावी, हे ऐकून लोक हसतात. म्हणून ती हकीकत क्रमवार लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आमची दोन अपत्ये पाळण्यातच गेली. तिसरा मुलगा झाला तेव्हा माझ्या आईने कुलदेवीला नवस बोलला, की हा जगला तर याचे जावळ तुझ्यापुढे काढू आणि बोकड देऊ. त्यासाठी एक करडू आणून, त्याचा कान कातरून, ते मुलाच्या बरोबरीने घरात वाढवले. आमच्या घरातल्या सर्वांची पक्की समजूत होती, की हे जनावर धडपणे देवीपर्यंत पोचले तरच मूल आपले. वाटेत त्याचे बरेवाईट झाले तर देवी मुलाकडे बोट दाखवील. या समजुतीचे मी मंडन करीत नाही. खंडन करण्याची छातीही मला कधी झाली नाही.

फाल्गुनातल्या एका सोमवारी आम्ही निघालो. देवीचे ठाणे कुंभार पिंपळगावच्या पलीकडे, गोदाकाठी. मंगळवारी दिवस मावळायच्या आत नवस फिटला पाहिजे होता. गाडी माझ्या धाकट्या मेहुण्याची, हाकणाराही तोच. तीर्थपुरीला दिवस कलला. तिथे माझ्या एका पक्षकाराचा प्रशस्त ओटा आम्हांस मोकळा होता. परंतु आमच्या घराण्याचा पायंडा असा, की नवसाचा बोकड वाटेत परक्याच्या वळचणीला बांधायचा नाही.

“मावशी, तुम्ही समदे ओट्यावर निजा. मी बोकड घिऊन रानात पडतो,” मेहुणा आईला म्हणाला.

“आन् तुझा डोळा लागला मंग? न्हाई. समदेच रानात.”

गावापुढे एका कोरड्या ओढ्याकाठी गाडी सोडली. जागा मी पसंत केली. दरडीच्या आडोशाने वारा अडत होता आणि खाली वाळू स्वच्छ होती. कोणत्याही समंजस मनुष्याने तीच निवडली असती. आईने चूल मांडली तोच पलीकडच्या ज्वारीच्या धसकटांत काळविटांचा कळप उतरला. इतकी काळविटे मी एका जागी पाहिली नव्हती. मुलगा टाळ्या पिटू लागला. मोठा काळा नर तेवढ्यात ताठ उभा राहिला, त्याने आमच्याकडे नव्हे तर आमच्या मागच्या दरडीकडे पाहिले, आणि सारा कळप उधळला.

मागे वळून पाहिले तर दरडीच्या माथ्यावर लांडगा उभा. क्षणभरात दुसरा.

मेहुण्याने बैल चाकांना आखडून बांधले, बाभळीच्या फांद्या तोडून भोवती ओढल्या आणि जाळ मोठा केला. त्या भागात लांडग्याने अंगणातले मूल उचलल्याच्या गोष्टी आम्ही सर्वांनी ऐकल्या होत्या, म्हणून त्या कोणी काढल्या नाहीत. आई, आमचे कुटुंब म्हणजे माझी बायको, मूल, मी आणि तो बोकड, सारे गाडीतल्या तट्ट्याच्या छपराखाली एकमेकांवर रेललो. पाय पसरायला जागा नव्हती. बोकडाच्या अंगाचा उग्र वास नाकात बसला. कुटुंबाने त्याचे दावे आपल्या मनगटाला गुंडाळले आणि दुसऱ्या हाताने मुलाला पोटाशी धरले.

“आवं, ह्ये जात का न्हाईत?” तिने मला विचारले.

मी म्हणालो, “जातील.”

“दाजी,” जाळापाशी बसलेला मेहुणा म्हणाला, “काढा की बोरू. लिहा, बखिदमत लांडगेसाहेब, गरिबाचा अर्ज असा की...”

“तू जाळाकडे बघ.”

“जाळाकडंच बघून राह्यलो. काटक्या सरत आल्यात, तेवढं बी अर्जात घाला.”

आईलाही हसू आले. मग पुन्हा दरडीवरून माती घरंगळली. गाव हाकेच्या पलीकडे, बैल जुंपायला खाली उतरावे तर अंधार. बोकडाने ओरडू नये म्हणून कुटुंब त्याचे तोंड कुरवाळीत राहिले. शेवटी मूल त्याच्या मानेवर डोके टेकून झोपले आणि त्यानेही मान हलवली नाही. मी दोघांचा श्वास ऐकत जागा होतो.

फटफटले तेव्हा सगळा उलगडा झाला. आमच्या गाडीपासून पाचदहा पावलांवर, दरडीच्या पोटात, त्यांचे बीळ होते. मादी बिळातून एकेक पिल्लू तोंडात धरून पलीकडच्या घळीत नेत होती; नर माथ्यावरून आमच्यावर नजर ठेवून होता. ती जवळून गेली की बैल दाव्यांना हिसके देत. जुंपणे बिलकुल अशक्य. ऊन वर चढू लागले आणि आईने सूर्याकडे पाहून देवीचे नाव घेतले.

मादी घळीकडे गेली असता एक पिल्लू आपणच बाहेर आले आणि वाळूत धडपडत गाडीकडे निघाले. मेहुण्याने कुऱ्हाड उचलली.

“खाली ठिव,” कुटुंब म्हणाले. भावाशी ती या आवाजात कधी बोलली नव्हती. “तिचं एकच राह्यलंय. नेऊ दे.”

“ताई, रातभर आपल्या लेकरावर डोळा ठिवून व्हती ती!”

“आपण तिच्या दारात निजलो व्हतो. ठिव म्हणते ना.”

मादी परतली, आम्हां सर्वांकडे एकवार पाहून तिने पिल्लू मानेला धरले आणि गेली. नरही दिसेनासा झाला. मेहुण्याने बैल असे पिटाळले की दिवस मावळायच्या आत आम्ही ठाण्यावर पोचलो. जावळ निघाले. नवस बराबर फिटला.

जेवताना कुटुंबाने पानात वाढलेले बाजूस सारले आणि कोरडी भाकर मोडली.

“परसाद हाय, न्हाई म्हणू न्हाई,” आई म्हणाली.

“रातभर माझ्या हाताला व्हतं ते, आत्याबाई.”

आईने मिठाचा खडा तिच्या भाकरीशी ठेवला.

परतीच्या मुक्कामाला तीर्थपुरीच्या त्याच ओट्यावर उतरलो. आता पायंड्याची अडचण नव्हती. पक्षकाराने सतरंज्या घातल्या आणि वाड्याच्या दाराला आतून कडी लावली. पहाटे मी पाणी प्यायला उठलो. कंदिलाच्या उजेडात पाहतो तो बोकडाचे दावे कुटुंबाच्या मनगटाला तसेच होते. दुसरे टोक तिने मुलाच्या कमरेला बांधले होते.

मी ते सोडले नाही. तिच्या पलीकडे, दाराच्या बाजूस, माझी सतरंजी ओढून घेतली.