काडतुसांच्या पेटीतला संसार

माझ्या संसाराची पहिली खरेदी भिंगारच्या जुन्या बाजारात झाली, लष्कराने निकालात काढलेल्या सामानाच्या ढिगासमोर. दुष्काळ नुकताच सरला होता आणि माझं लग्नही नुकतंच झालं होतं. नवरा बियाण्यांच्या एका कंपनीची प्रचाराची गाडी चालवायचा. मागे प्रोजेक्टर, टपावर कर्णा. गावोगाव पडदा बांधून शेतकऱ्यांना हायब्रीड ज्वारीचा सिनेमा दाखवायचा. महिन्यातून एकदा-दोनदा धूळ खात घरी यायचा, कपडे धुवायला टाकायचा आणि पुन्हा निघून जायचा. मी ठरवलं, हे आपल्याला चालणार नाही. लग्न मी माणसाशी केलं होतं, त्याच्या धुण्याशी नाही.

मीही गाडीत राहणार, असं जाहीर केलं. कंपनीच्या साहेबांनी "मला यातलं काही कळवू नका" म्हणून परवानगी दिली. राहिल्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची.

"गाडीत संसार होत न्हाई," आत्या म्हणाल्या. "गाडीत नुसती बोचकी ऱ्हात्यात."

मला असं कुणी नाही म्हटलं की माझं डोकं जास्त चालतं. गाडीत प्रोजेक्टरच्या बाकड्याखाली एका पेटीपुरती जागा होती. बाकी सगळीकडे बियाण्यांच्या पिशव्या, वायरी आणि पडद्याचे बांबू. म्हणजे स्वयंपाकघर एका पेटीत बसलं पाहिजे. भिंगारच्या बाजारात ती पेटी मिळाली: काडतुसांची, लोखंडी, बिजागरीच्या झाकणाची. आत्यांनी ती पाहिली आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की सून लढाईवर चालली आहे.

लग्नातली भांडी मी ओसरीवर मांडली आणि पेटीत भरायला बसले. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की बाईच्या संसारातलं सगळं गोल असतं. पातेली गोल, डबे गोल, ताटं गोल, आणि पेटी मेली चौकोनी. चार भांडी ठेवली की कोपरे रिकामे आणि पेटी भरलेली. पुन्हा बाजारात गेले. तिथे शिपायांचे जेवणाचे ॲल्युमिनियमचे डबे होते, चौकोनी, एकात एक बसणारे, घडीच्या दांडीचे. एकात भात, एकात कालवण, आणि खाताना तीच ताटं. वातीचा स्टोव्ह उंच पडला, म्हणून पंपाचा घेतला, वरची कडी काढली की आडवा झोपणारा. तव्याला दांडी नकोच, एक सांडशी सगळ्यांना पुरते. पाटा-वरवंटा तर गाडीच्या स्प्रिंगांनाच झेपला नसता. खर्डा तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचा, तसा तो चवीलाही जास्त चांगला लागतो. तिखट-मीठ औषधाच्या बाटल्यांमध्ये भरलं आणि बाटल्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. पेटीचं झाकण खटकन लागलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते उगाचच पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं.

आत्या दारातून बघत होत्या. "परात कुठाय?"

परात त्यांनीच लग्नात दिली होती. पितळेची, एवढी मोठी की तीत तान्हं मूल न्हाऊ घालावं. पेटीत ती जन्मात मावली नसती.

"परातीबिगर भाकरी कशावर थापशील? माझ्या मांडीवर?"

"पेटीच्या झाकणावर," मी म्हणाले. झाकण सपाट होतं. पीठ डब्यात मळायचं आणि धुतलेल्या झाकणावर थापायचं, हे माझं सगळं ठरलं होतं.

"बरं. मी येते तुमच्यासंगं पारनेरच्या खेळाला. तितं मला जेवायला घाल. भाकरी फुगली तर बघू. न्हाई तर माझ्यासंगं यष्टीनं माघारी यायचं, तोंड पाडून बसायचं न्हाई."

मी लगेच कबूल झाले. नवऱ्याला कुणी विचारलंच नाही. आम्हा दोघींमध्ये तोंड उघडायचं नाही, एवढी अक्कल त्याला लग्नाआधीपासूनच होती.

पारनेरपर्यंत आत्या पुढच्या सीटवर जुन्या लुगड्यात बांधलेलं मोठं गाठोडं पोटाशी धरून बसल्या होत्या. मी मागे बियाण्यांच्या पिशव्यांवर बसून पेटीच्या खडखडाटाकडे कान लावून होते. गावाबाहेरच्या माळावर गाडी थांबली, मी खाली उतरले, आणि माझा पदर उडून तोंडावर आला. वारा म्हणजे काय वारा. स्टोव्ह पेटवला की विझायचा. गाडीत पेटवायची सोय नव्हती, तिथे फिल्म होती. शेवटी पेटीचं झाकण उभं करून त्याच्या आडोशाला स्टोव्ह ठेवला, तेव्हा कुठे तो निवांत भरभरायला लागला. वांग्याचं कालवण झालं. तव्यात खर्डा झाला. पीठ मळलं, उंडा हातात घेतला आणि मी थबकले. झाकण वारा अडवत उभं होतं. थापायला जागाच नव्हती.

आत्या गाठोड्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं. पुढचे सगळे महिने डोळ्यांपुढे आले: भिंगारची खोली, धुणं, आणि रस्त्याकडे लागलेले डोळे.

तेवढ्यात नवरा गाडीतून उतरला. त्याच्या हातात सिनेमाच्या रिळाच्या डब्याचं झाकण होतं. गोल, पत्र्याचं, बोटभर काठाचं. कंपनीचा माल. दुसऱ्या कुणी त्या मालाला हात लावलेलाही नवऱ्याला खपत नसे. त्याने ते तांब्याभर पाण्याने विसळलं, आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याला पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. आईकडे बघितलंसुद्धा नाही. माझा नवरा मला खरा आवडायला लागला तो त्या क्षणी.

भाकरी लहानशीच झाली. पण फुगली, अशी टम्म फुगली की मी आत्यांकडे न बघता पुढची थापायला घेतली. आत्या जेवल्या. अजून एक मागून घेतली. मग डबा विसळून पालथा घातला.

संध्याकाळी माळावर पडदा लागला. पडद्यावर ज्वारीची तरारलेली ताटं डुलत होती आणि त्यांच्यावर मोठाले काळे ठिपके नाचत होते. झाकण घाईत परत लावल्याने माझं पीठ फिल्मला चिकटलं होतं. पुढे बसलेल्या एका आजोबांनी काळजीने विचारलं, "ही कीड कंच्या औषधानं जाती?" नवरा कर्ण्यावरून काहीतरी गंभीरपणे सांगायला लागला आणि अंधारात माझ्या शेजारून आत्यांचं हसू फुटलं. पदर तोंडात धरून त्या इतक्या हसल्या की मलाही आवरेना. तरीही निकाल कळला नव्हताच.

सकाळी आम्ही त्यांना यष्टीवर सोडायला गेलो. माझी पिशवी मी भरून ठेवली होती, न जाणो. यष्टी लागली. आत्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं, स्वतः वर चढल्या आणि हात पुढे केला. गाठोडं जड होतं, गोल होतं. लुगड्याच्या फटीतून पितळ चमकलं.

"दे हिकडं," त्या म्हणाल्या. "परात घरीच ऱ्हाऊ दे. सनासुदीला तुमी दोगं याल, तवा लागंल."