पॉइंट ताईचा

रोह्यापासून पेणपर्यंत शोधलं तरी आमच्या भावजींइतका गणिती आणि तरीही प्रत्येक उत्तर अर्धवट सोडणारा माणूस सापडायचा नाही. रोह्याच्या कंपनीतून ते कधीच निवृत्त झाले, पण तिथली स्लाइड रूल अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकं काढून असते. एकात एक सरकणाऱ्या पिवळट पट्ट्या, वर सरकती काच. या पट्टीवरचा आकडा त्या पट्टीवरच्या आकड्याशी जुळवायचा, काच सरकवायची, की तिच्या रेघेखाली गुणाकार तयार. टाकीत पाणी किती, पुरणाला गूळ किती, वडखळला अडकलेली एसटी नाक्यावर कधी येणार, सगळं पट्टीवर. एसटी पट्टीला जुमानत नाही, ते सोडा. मोबाइल पुढे केला तर म्हणतात, "त्याला चार्जिंग लागतं."

पट्टीत एकच खोट. ती नुसतं 'दोन-चार' सांगते. ते दोनशे चाळीस, चोवीस की दोन पॉइंट चार, हे माणसाने अंदाजाने ठरवायचं. भावजींना अंदाज कधीच नव्हता. तो होता माझ्या ताईला. आम्ही हमरापूरचे, गणपती घडवणारे. मूर्ती बघून माती किती लागेल हे आमच्याकडची पोरंसुद्धा सांगतात, ताई तर सगळ्यांच्या वरताण. भावजी ओटीवरून ओरडत, "दोन-चार, गो," आणि भाकरी थापता थापता ती आतून सांगे, "चोवीस." चाळीस वर्षांचा संसार त्यांनी असा दोघांत मिळून सोडवला.

तिच्या वर्षश्राद्धाला वीस पानं होती. माणशी एकशे वीस ग्रॅम तांदूळ धरून भावजींनी काच सरकवली. मी पोचलो तेव्हा घरातल्या झाडून सगळ्या परातींत मिळून चोवीस किलो तांदूळ धुऊन निथळत होता. मला आधी हसूच आलं. म्हटलं, भावजी, दोन पॉइंट चार.

"व्हय," ते म्हणाले. "मी थांबलो होतो रे. आतून आवाज नाय आला."

हल्ली मी दर रविवारी जातो. भावजी काच सरकवतात, "एक-नऊ-दोन" म्हणतात आणि स्वयंपाकघराकडे बघत थांबतात. पहिल्यांदा मी घाईने उत्तर सांगून टाकलं, तर त्यांनी काच मागे घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून मीही तिकडेच बघत बसतो. ताईची फार आठवण येते. थोड्या वेळाने भावजी वहीत आकडे लिहितात, प्रत्येक आकड्यानंतर पॉइंटापुरती जागा सोडून.