रक्ताचा कागद

कुलूपवाल्याला पार्किन्सन जडून सात वर्षं झाली. चहा कपात कमी नि बशीत जास्त, अशी हाताची गत. डोकं मात्र जागच्या जागी, नि जीभ कानशीसारखी. किल्ली बघून कुठला दाता झिजलाय ते तो सांगायचा. मग सून कोरी किल्ली शिकंज्यात आवळून घासायची. "अजून एक हात मार. किल्ली आहे ती, गोंजारतेस काय!" असा आरडाओरडा करत धंदा झकास चालला होता.

मग पोरानं मोठ्या दवाखान्यात नेऊन त्याचं रक्त तपासून आणलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, यांचं एक जनुक बदललेलं आहे, अशा रोग्यांची स्मरणशक्ती नि समज लवकर उतरायचा धोका जास्त. धोका. होईलच असं नाही, झालं तर कधी तेही सांगता येत नाही. पोरानं एवढंच ऐकलं की बापाचं डोकं जाणार. घरी पोचेपर्यंत त्यानं ते घालवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांना परस्पर अडवून, बाबांचं डोकं आता जाणार, असं सांगायला लागला. म्हातारा बेकरीवाल्याच्या नावाला अडखळला की हा सुनेकडे बघून मान हलवणार. अरे, नावं त्याला तिशीतही आठवत नव्हती! तो माणसं कुलपावरून ओळखायचा.

आठवड्यानं पोरानं दुकान स्वतःच्या नावावर करायचे कागद म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवले. "बाबा, सही करून टाका. डोकं ठिकाणावर आहे तोवर."

"आहे ना ठिकाणावर? मग गल्लीभर बोंब कशाला मारलीस?" म्हातारा उसळला. "आणि डॉक्टरीणबाई पुढं काय म्हणाल्या, ते बायकोला सांगितलंस?"

"ते आता कशाला, बाबा?"

"सूनबाई, ऐक. हे जनुक पोरात उतरायची शक्यता निम्मी. हवं तर ह्याचंही तपासू म्हणाल्या. हा पळाला तिथून, उलट्यासुलट्या चपला घालून!"

सुनेनं कानस खाली ठेवली. "अहो, खरं का हे?"

"मला नाही जाणून घ्यायचं," पोरगं पुटपुटलं.

"नको घेऊस! तुझी मर्जी. पण स्वतःच्या रक्ताचा कागद बघायची छाती नाही, नि माझा चारचौघांत वाचतोस? मी अजून इथं बसलोय, गाढवा!"

म्हाताऱ्यानं दुकानाचे कागद उचलले नि फाडायला घेतले. हात असे उडत होते की चिमटीत धरवेनात. शिवी हासडून त्यानं ते सुनेपुढं केले.

तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं नि टरकावले.