न्यालुहांगाची मातीची सवत

आमच्या फोका लोकांत लोखंडाची भट्टी म्हणजे नवी नवरी. ती पेटली की लोखंड बाहेर येईपर्यंत कामावरच्या गड्यांनी घरच्या बायकोला विसरायचं. चेंबेबाबा आमचे मुख्य भट्टीवाले. चाळीस वर्षं त्यांनी हा नियम पाळला, आणि त्यांची बायको न्यालुहांगा चाळीस वर्षं गावभर सांगत फिरली, "माझी सवत मातीची, ढेरपोटी, कोळसा खाणारी. तरी म्हातारा तिच्याच मागे."

त्या वर्षी माझं लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. न्यिका डोंगराच्या उतारावर आम्ही दोन पुरुष उंचीची भट्टी उभी केली, कोळशाचे आणि लोखंडाच्या लाल दगडाचे थर भरले आणि पेटवली. आमच्या भट्टीला भाता लागत नाही. बुडाशी मातीच्या नळ्या असतात, त्यांतून वारा आपोआप आत शिरतो. माणसांनी नुसतं बसायचं. आणि नुसतं बसलं की नव्या नवऱ्याच्या डोक्यात काय येतं ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सरपणाचं निमित्त काढून मी घरी जाऊन आलो. परतताना पाय जमिनीला लागत नव्हते.

चौथ्या दिवशी आग मंदावली. दगड दगडच राहिला तर वर्षभर गावाला नवी कुदळ नाही. कुणीतरी बायकोकडे जाऊन आलं म्हणूनच भट्टी रुसली, असं म्हणत सगळे माझ्याकडे वळले.

"कायुनी, खरं सांग," एकजण म्हणाला. "काटक्या आणायला अर्धा दिवस लागतो का रे?"

मी शपथ घेतली, धडधडीत खोटी. दोष सिद्ध झाला असता तर भट्टीवर पुन्हा पाऊल ठेवता आलं नसतं, आणि भट्टीवरून हाकललेल्या गड्याला आमच्यात कुत्रंही विचारत नाही.

तेवढ्यात चेंबेबाबा खाकरले. "पोराला सोडा. मी गेलो होतो घरी. तिच्यावाचून राहवलं नाही मला."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच पोट धरून लोळायला लागले. मुख्यालाच हाकललं तर लोखंड काढणार कोण? ठरलं की बायकोने इथे येऊन सवतीची माफी मागायची.

न्यालुहांगा आली. तिने सगळं ऐकलं, क्षणभर नवऱ्याकडे बघतच राहिली, मग कमरेवर हात ठेवून भट्टीसमोर उभी राहिली. "सवतबाई, चुकलं माझं. पण नवरा आधी माझा होता. आता रुसवा सोड आणि श्वास घे."

शरमेने मला तिथे उभं राहवेना. मी खाली वाकून नळ्यांत काठी खुपसत सुटलो. एका नळीत थिजलेल्या दगडाची मुठीएवढी मळी अडकली होती, ती फुटली. वारा आत घुसला आणि भट्टी घुमू लागली. आम्ही वेड्यासारखे नाचलो. सहाव्या दिवशी निघालेला लोखंडाचा गोळा चौघांनाही उचलेना.

गावात बिअरचे माठच्या माठ रिकामे झाले. मी न्यालुहांगाला गाठून सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे," ती हसत म्हणाली. "म्हाताऱ्याने तुला ओढा ओलांडताना पाहिलं होतं. तो कुठला येतोय घरी."

"मग तुम्ही हो का म्हणालात, आई?"

"अरे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत तो म्हणाला की माझ्यावाचून राहवलं नाही. मी नाही कशाला म्हणू?"