अकरानंतरचं ऊन

तिसरा महिना लागला तशी सासूबाईंनी मला दुपारी घरापुढच्या खळ्यात यायला बंदी केली. नवरा बोटीवर नोकरीला. वालावलच्या घरात आम्ही दोघीच. "दुपारच्या पारार भायर पडा नको गो," त्या म्हणाल्या. "कोणी हाक मारली तर ओ देव नको." त्यांची पहिली मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली होती. त्याआधी एका दुपारी त्या एकट्या खाडीच्या बांधावर गेल्या होत्या, एवढंच मला ठाऊक होतं.

मी माजघरातच राहू लागले. हाडं ठसठसायची, उठताना मांड्या लटपटायच्या. सासूबाई माझ्याकडे न बघता माझ्या पाठीमागे बघायच्या.

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. काही होईलच असं नाही. पण अशा बायकांचं बीपी वाढणं, दिवस भरायच्या आत बाळंत होणं जरा जास्त दिसतं. औषध देते. शिवाय अकरानंतरचं ऊन घ्या, हातपाय उघडे ठेवून."

रिक्षात सासूबाईंनी एकदाच विचारलं, "सकाळचा कवळा ऊन नाय चलाचा?"

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी खळ्यात बसले. माडाची झावळी हलत नव्हती, कावळेही गप्प. सावली पायाखाली गोळा झालेली. तेवढ्यात खाडीकडून बाईचा आवाज आला, "गो..." माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं. मागे वळले तर सासूबाई दारात उभ्या होत्या.

"तुम्ही हाक मारलीत?"

"नाय."

त्या तापलेल्या जमिनीवरून अनवाणी आल्या आणि मला चिकटून बसल्या. "तेवा माका हाक मारल्यान ती हीच," त्या म्हणाल्या.

"तुम्ही ओ दिली होतीत?"

"दिलंय."

आम्ही तिथेच बसून राहिलो. पुढे रोज त्या माझ्यासोबत बसल्या. तो आवाज परत आला नाही.

आठव्या महिन्यात माझं बीपी वाढलंच. मुलगी तीन आठवडे आधी झाली, बारकी, पण टाहो फोडणारी. ड कमी होतं म्हणूनच का, असं मी विचारलं. "सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उन्हात राबणाऱ्या बायकांचंही वाढतं."

दवाखान्यात माझ्या खाटेशेजारी बसून सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. बाळ टक लावून त्यांच्याकडे बघत होतं. "माझ्या चेडवान डोळे उघडूकच नाय," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्यासाठी पेज आणायला म्हणून जिना उतरून गेल्या, आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.